दोन तारांची अदलाबदल

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसलेले आपले सर, वाचनालयाच्या कार्यवाह बाई, अभ्यासवर्गातली सगळी मुलं-मुली, त्यांचे आईवडील, आणि तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारी बसलेली, उद्या सकाळी साडेसातच्या गाडीने वैमानिकाच्या प्रशिक्षणाला निघणारी आमची धाकटी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझा धंदा रेडिओ, टीव्ही, मिक्सर दुरुस्तीचा. हा माइक बिघडला तर दहा मिनिटांत उघडून नीट करून देईन, पण त्याच्यापुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की शब्दच सापडत नाहीत. या टेबलावर कापड अंथरलंत ते फार बरं केलंत. माझे गुडघे कोणाला दिसत नाहीत.

मघाशी कार्यवाह बाईंनी मानपत्र वाचलं. फार सुंदर लिहिलंय. 'ज्यांनी अपार कष्टांनी अचूक सरावयंत्र घडवून आपल्या कन्येच्या स्वप्नांना बळ दिलं, असे आदर्श पिता.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते यंत्र इथे व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला चादरीखाली झाकून ठेवलंय, आणि आज ते समारंभपूर्वक वर्गाच्या स्वाधीन करायचं ठरलंय. पुढच्या तुकडीतली मुलं त्याच्यावर सराव करणार आहेत. हे सगळं मला मान्य आहे. पण तो 'अचूक' शब्द मला खटकला. तो का, हे सांगितल्याशिवाय मला मानपत्र घेता येणार नाही. सांगितल्यावर घेता येईल की नाही, ते तुम्ही ठरवा.

आधी सरांचे आभार मानतो, नाहीतर ते राहून जातील. सरांनी या वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं हा वर्ग चालवला. सैन्यात अधिकारी म्हणून जायचं तर लेखी परीक्षा देऊन भागत नाही, पाच दिवस निवड केंद्रावर राहावं लागतं, तिथे तुमचं मन तपासतात, बोलणं तपासतात, दोर आणि फळ्या देऊन खड्डा ओलांडायला लावतात, हे आमच्यासारख्यांना कोण सांगणार होतं? सरांनी सांगितलं. आमची धाकटी त्यांच्याकडे आली तेव्हा तिला चारचौघांत बोलताना ओढणीचं टोक चघळायची सवय होती. ती सरांनी घालवली. मी दहा वर्षं ओरडून घालवू शकलो नव्हतो.

तर, मी भित्रा माणूस आहे. हे विनयाने म्हणत नाही. गच्च्यांवर अँटेना लावायचे दिवस होते, तेव्हा मी माझ्या बायकोला वर पाठवायचो आणि खालून सूचना द्यायचो. हसू नका, ती इथेच बसली आहे, विचारा तिला. आणि अशा माणसाच्या पोटी ही मुलगी. तीन वर्षांपूर्वी अर्ज घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, मला विमान चालवायचंय." मी म्हणालो, "बघू." माझ्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण तिने ते 'हो' असं धरलं आणि वर्गात नाव घातलं.

मी मनातल्या मनात आशा लावून बसलो होतो. वैमानिकाच्या पायांची लांबी मोजतात, कमी पडली तर परत पाठवतात, असं कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आमच्याकडे सगळे आखूडच. मी तिला भिंतीला पाठ लावून बसवलं आणि स्टीलच्या टेपने मोजलं. दीड सेंटीमीटर जास्तच भरली. मी टेप उलट्या बाजूने लावून पुन्हा मोजलं. ती म्हणाली, "बाबा, टेप दुसरीकडून लावली म्हणून पाय कमी होणार आहेत का?"

मग शब्दांची चाचणी. एक शब्द दाखवतात, पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. हिची आई भाजी निवडता निवडता शब्द टाकायची आणि ही लिहायची. एकदा मीही गंमत म्हणून वही घेऊन बसलो. शब्द आला, उंची. हिने लिहिलं, 'उंचीवरून पुढचा रस्ता स्पष्ट दिसतो.' मी लिहिलं, 'उंचीवरून माणूस पडतो.' दार म्हटल्यावर मी लिहिलं, 'दाराला कडी लावली का?' मित्र म्हटल्यावर लिहिलं, 'मित्राला पोहता येत नव्हतं.' पुढे माझी वही चुकून तिच्या वह्यांबरोबर सरांकडे गेली. सरांनी तिच्यावर लाल पेनाने शेरा मारला, 'या उमेदवाराला आधी घरी पाठवा, गरम दूध द्या.' सर, ती वही अजून माझ्याकडे आहे.

अध्यक्ष महाराज, मी विषयाला बगल देत नाहीये. येतोच आहे. जरा पाणी पितो.

हं. वैमानिकांसाठी शेवटच्या सकाळी एक वेगळी चाचणी असते. यंत्रासमोर बसवतात. पडद्यावर एक ठिपका पळत असतो, मध्ये एक वर्तुळ असतं. हातातल्या दांड्याने ठिपका वर-खाली करायचा, पायातल्या पट्ट्यांनी डावी-उजवीकडे, आणि काही करून वर्तुळात ठेवायचा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. बाकी परीक्षा पुन्हा देता येतात. इथे नापास झालात की उडण्याचं दार कायमचं बंद. दुसऱ्यांदा अर्जच घेत नाहीत. हे मला सरांनी समजावून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

सर पायदळातले, त्यांनी स्वतः ते यंत्र पाहिलेलं नव्हतं. वर्गातूनही आजवर कोणी तिथपर्यंत गेलं नव्हतं. तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही बनवाल का?" बापाला हे विचारल्यावर काय होतं सांगू? भीती एका बाजूला राहते आणि हात शिवशिवायला लागतात. दुकानात एक जुनी पिक्चर ट्यूब पडून होती. शिलाई मशीनची मोडीत काढलेली पायपट्टी मधोमध कापून दोन केल्या. दांडा एका टेम्पोच्या गिअरचा. सव्वा महिना खपलो आणि दुकानाच्या मागच्या भागात यंत्र उभं केलं. ठिपका पळाला तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या.

आणि त्यात एक चूक झाली. ती खरोखरच चूक होती, तेवढ्यावर विश्वास ठेवा. मी आयुष्यभर सायकलवर फिरलेला माणूस. सायकलचं हँडल उजव्या हाताने पुढे ढकललं की चाक डावीकडे वळतं. मी तोच विचार पायांना लावला आणि तारा तशा जोडल्या. उजवा पाय दाबला की ठिपका डावीकडे. विमानात तसं नसतं. उजवा पाय दाबला की विमानाचं नाक उजवीकडेच वळतं, आणि केंद्रावरचं यंत्रही तसंच असतं. म्हणजे माझं यंत्र बरोबर उलटं झालं होतं.

हे मला कोणी सांगितलं? शेवटच्या रांगेत दाराजवळ फिटरकाका बसलेत. मघाशी सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. त्यांचं सगळं आयुष्य विमानांच्या दुरुस्तीत गेलं. टेबलफॅन घेऊन दुकानात आले, मागे यंत्र दिसलं, हौसेने बसले आणि हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, हे उलटं केलंत की. दोन तारांची अदलाबदल करा, झालं. दहा मिनिटांचं काम." मी म्हणालो, "हो हो, आजच करतो." फॅन घेऊन ते गेले. काका, तुम्हाला वाटलं मी केलं असेल. मी केलं नाही.

थांबा. कुजबुज करू नका, मला पुढचं सांगू द्या, नाहीतर माझी दातखीळ बसेल.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन यंत्रामागे बसलो होतो. एक तार पिवळी, एक निळी. त्याच आठवड्यात पेपरात एक बातमी आली होती. सरावाचं विमान कोसळलं होतं. फोटोत शेपटीचा तुकडा होता आणि बाजूला कुणाचे तरी वडील उभे होते. चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त चप्पल दिसत होती. माझ्यासारखीच चप्पल. मी त्या दोन तारांकडे बघत राहिलो आणि माझ्या मनात आलं, राहू दे. काहीही करायचं नाही. फक्त राहू द्यायचं. ती नापास होईल, चार दिवस रडेल, आणि जमिनीवर राहील. मग मी मागचं झाकण लावलं आणि चारही स्क्रू घट्ट पिळले.

चाचणीला एकोणीस दिवस होते. केंद्रावर निघेपर्यंत रोज संध्याकाळी ती दुकानात यायची आणि तासभर यंत्रावर बसायची. मी शेजारी उभा राहून घड्याळ लावायचो. पहिल्या दिवशी ठिपका मिनिटातले वीस सेकंद वर्तुळात राहिला. मग पस्तीस. मग पन्नास. तिचे पाय इतके तयार झाले की ती माझ्याशी गप्पा मारत ठिपका धरून ठेवायची. जितकी ती सुधारत होती तितकी ती बुडत होती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. "बाबा, पंचावन्न झाले," ती म्हणायची. मी म्हणायचो, "वा." मला घास गिळेना. बायकोला वाटलं, पोरगी जाणार म्हणून झालंय. तिने मला ओव्याचं पाणी दिलं. मी ते प्यालो आणि मूग गिळून बसलो.

निवड केंद्रावर मीच तिला सोडायला गेलो. फाटकासमोरच्या लॉजमध्ये राहिलो. उमेदवारांचे मोबाइल जमा करून घेतात. संध्याकाळी सहा ते सात एका फोनवरून पाळीपाळीने घरी बोलू देतात, प्रत्येकाला तीन मिनिटं. पहिल्या दिवशी अर्धे लोक परत पाठवले. ही राहिली. मी रोज त्या फाटकाकडे बघत बसायचो. बाहेर पडणाऱ्या मुलांच्या पाठीवरच्या पिशव्या दिसल्या की वाटायचं, यात ती असू दे. हे मी देवाकडे मागत होतो. स्वतःच्या मुलीसाठी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. म्हणाली, "बाबा, मुलाखत छान झाली. उद्या यंत्र." मी म्हणालो, "बरं." म्हणाली, "आवाज का असा येतोय? घाबरू नका. माझी काहीच काळजी करू नका, आपलं यंत्र आहे ना." मग ती हसत म्हणाली, "आणि ऐका ना, आमच्या खोलीत अजून चार मुली आहेत यंत्राला बसणाऱ्या. त्यांनी असलं काही पाहिलेलंच नाही. मी सगळ्यांना शिकवलंय, पलंगावर बसून. उजवा पाय दाबला की ठिपका डावीकडे. पाठच करून घेतलंय."

अध्यक्ष महाराज, मी लॉजच्या जिन्यात पायरीवर बसलो. तोवर मी स्वतःला समजावत होतो की माझं पोर आहे, तिच्या जिवासाठी करतोय. त्या चार जणी कोणाच्या होत्या? त्यांचे बाप कुठल्यातरी लॉजच्या जिन्यात बसलेच असतील की नाही?

मी म्हणालो, "ते उलटं आहे."

ती म्हणाली, "काय?"

"यंत्र उलटं आहे. उजव्या पायाने उजवीकडेच जातो. माझ्या तारा चुकल्या."

मग तिने एकच प्रश्न विचारला. सरांनी शिकवलंय तिला, नेमका प्रश्न विचारायचा. "तुम्हाला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आत्ताच कळलं म्हणालो असतो. मी म्हणालो, "अठरा दिवस झाले." तिने फोन ठेवला. तीन मिनिटंही झाली नव्हती.

पुढचं मला तिच्याकडून नाही कळलं. त्या चौघींपैकी एकीने नंतर हिच्या आईला सांगितलं. धाकटी खोलीत गेली आणि म्हणाली, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, माझी चूक झाली." माझी चूक झाली, असं म्हणाली. माझं नाव काढलं नाही. एक मुलगी रडायलाच लागली. मग जेवणाची घंटा होईपर्यंत चौघी पलंगावर बसून भिंतीला पाय लावून दाबत होत्या आणि पाचवी समोर कंगवा धरून डावी-उजवीकडे हलवत होती. चुकलं की बाकीच्या पायावर चापट मारायच्या. सकाळी यंत्रावर बसण्याआधी तीन मिनिटं सराव देतात. तेवढ्याच सरावावर चाचणीला बसल्या.

पाचांपैकी दोघी पास झाल्या. एक आपली धाकटी. दुसरी ती जी रडली होती. बाकी तिघींचं काय? त्या तशाही गेल्या असत्या की माझ्यामुळे गेल्या, हे मला कधी कळणार नाही. त्यांचं दार मात्र कायमचं बंद झालं. त्यातली एक जण त्या संध्याकाळी कंगवा धरून बसली होती.

परत येताना गाडीत ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तेव्हा मला यंत्राची भीती नाही वाटली, बाबा. तुमची वाटली." त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललेलो नाही. ती घरात नीट वागते, चहा देते, हसते. पण मी दुरुस्त केलेली इस्त्री हातात दिली, तर आधी उलटी करून वायर बघते. मुद्दाम करत नाही. तिच्याही लक्षात येत नाही.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट राहिली आहे आणि ती मी तिच्यासमोरही आज पहिल्यांदाच बोलतोय. त्या चार मुली नसत्या, आणि फक्त हिचाच प्रश्न असता, तर त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं का? लोक म्हणतील, उघडलंच असतं, बापच तो. मला खात्री नाही. मी खूप विचार केला. मला अजून खात्री नाही.

सर, मानपत्र तिथेच टेबलावर असू द्या. यंत्राचं बोलू. केंद्रावरून परत आलो त्याच दिवशी मी तारा बदलल्या. अकरा वेळा तपासलं. पण माझ्या शब्दावर ते ताब्यात घेऊ नका, एवढी हात जोडून विनंती आहे. मुलांना ती चाचणी एकदाच देता येते, आणि तिचा सराव याच्यावर होणार आहे. कोणीतरी जाणत्याने आधी बसून बघा. फिटरकाका, तुम्ही येता का?

नाही, काका, बसा. बसा तुम्ही.

धाकटी उठली आहे.

मला वाटलं, बाहेर चालली. इकडेच येतेय. जरा वाट द्या तिला, ती खुर्ची बाजूला घ्या. अध्यक्ष महाराज, दोन मिनिटं जास्त लागतील, माफ करा. चादर काढली तिने. बटण मागच्या बाजूला आहे... हो, तिला माहीतच आहे. मी ते अकरा वेळा तपासलंय, आणि तरी माझ्या पाठीवरून घाम वाहतोय, हे मी तुम्हाला सांगून ठेवतो.

मागच्यांना दिसत नसेल, मी सांगतो. ठिपका आला. उजवा पाय दाबला. ठिपका उजवीकडे गेला. डावा. डावीकडे. आता मागचं झाकण उघडून तारा बघतेय. बघ, बाळ. हवं तितक्या वेळा बघ. पुन्हा उजवा. उजवीकडे.

ती म्हणतेय, "बरोबर आहे, सर. घ्या ताब्यात."

सरांकडे बघून म्हणाली. माझ्याकडे नाही बघितलं. परत जागेवर चालली आहे.

मंडळी, मी आपला फार वेळ घेतला. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, सरांनी खाली मान घालून का होईना ऐकून घेतलं, आपण सर्व बसून राहिलात, याबद्दल मी सगळ्यांचा मनापासून आभारी आहे. आनंदाच्या समारंभात मी हे काय काढलं, असं कोणाला वाटलं असेल, कोणाचा मान राखण्यात उणं राहिलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

तिची माफी मात्र मी इथे मागत नाही. इतक्या लोकांसमोर बापाने हात जोडले तर तिला 'नाही' म्हणता येणार नाही. मी घरी गेल्यावर मागेन, दार लावून, दोघंच असताना, तिला नाही म्हणता येईल अशा ठिकाणी. ती नाही म्हणेल, याची मला फार भीती वाटते. विमानाच्या भीतीपेक्षा जास्त वाटते. तरी मागेन. गाडी साडेसातची आहे.

नमस्कार.